माळकऱ्याचा नेम

पंढरपूर, आळंदी किंवा देहू येथील एखाद्या फडावर माळ घालण्याचा विधी ज्याने पाहिला आहे, त्याला त्या प्रसंगाच्या साधेपणाचे प्रथमदर्शनी थोडे नवल वाटल्यावाचून राहत नाही. एकशे आठ तुळशीमण्यांची माळ ज्ञानेश्वरीच्या पोथीवर ठेवलेली असते. फडाचे अधिकारी महाराज ती उचलून समोर हात जोडून बसलेल्या माणसाच्या गळ्यात घालतात, आणि तो चारचौघांच्या देखत काही मोजक्या गोष्टी कबूल करतो: वर्षातून निदान एकदा पंढरीची वारी करीन, एकादशी मोडणार नाही, रोज हरिपाठ म्हणेन, मद्यमांसाला शिवणार नाही, परस्त्रीला मातेसमान मानीन, खोट्याने वागणार नाही. मंत्र म्हणून जो मिळतो तो ‘रामकृष्णहरी’ हा, आणि तो तर रस्त्याने जाणाऱ्या पोरासोरांनाही ठाऊक असतो. इतके झाले की माणूस उठतो, जमलेल्यांच्या पाया पडतो, जमलेले त्याच्या पाया पडतात, आणि संध्याकाळच्या गाडीने गावी परतून दुसऱ्या दिवशी सकाळी तो पूर्वीच्याच बैलांमागे पूर्वीच्याच शेतात उभा राहतो. गावात मात्र त्याची ओळख पालटलेली असते. तो आता ‘माळकरी’ झालेला असतो. जत्रेतल्या बोकडाच्या जेवणाचे आवतण त्याच्या दारावरून पुढे जाते आणि गुत्त्याच्या वाटेवर त्याला कोणी हाक मारीत नाही.

स्वतःस घडविण्याची धडपड मनुष्य पुरातन काळापासून करीत आला आहे, आणि त्या धडपडीत त्याच्या हातून नेहमी घडणारी चूक ही की, तो एकाच वेळी फार गोष्टींना हात घालतो. वर्षाच्या पहिल्या दिवशी कोऱ्या रोजनिशीत व्यायाम, वाचन, मौन, मिताहार, पहाटेचे उठणे आणि पत्रांना वेळेवर उत्तरे अशी संकल्पांची जी रांग मांडली जाते तिचे पुढे काय होते, हे सांगण्यास इतिहासाच्या साधनांची जरुरी नाही. प्रस्तुत लेखकाच्या कपाटात अशा चार रोजनिशा आहेत आणि त्यांपैकी एकीतही फेब्रुवारी उजाडलेला नाही. म्हणूनच, ज्या समाजाने ही संकल्पांची रांग छाटून ती बोटांवर मोजण्याइतकी केली, आणि एवढ्याशा शिदोरीवर शेकडो वर्षांची वाट चालून दाखविली, त्या वारकऱ्यांच्या नेमाचा इतिहास मला त्यांच्या तत्त्वज्ञानाइतकाच अभ्यसनीय वाटतो. अद्वैतावर आणि सगुण-निर्गुणावर पुष्कळ लिहिले गेले. ज्या चार सवयींच्या खुंट्यांवर तो सारा संसार टांगलेला आहे त्यांच्याकडे त्या मानाने विद्वानांचे लक्ष थोडेच गेले.

छाटण्यापूर्वी ती रांग किती लांब होती, हे समजण्यासाठी देवगिरीच्या दप्तरखान्यात डोकावले पाहिजे. महादेव आणि रामचंद्र या यादव राजांच्या कारकिर्दीत, म्हणजे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात, हेमाद्रि पंडित हा श्रीकरणाधिप, म्हणजे राज्याच्या समस्त दप्तराचा मुख्य होता. ज्याला आपण हेमाडपंत म्हणतो, आणि ज्याच्या नावावर लोकांनी चुन्यावाचून बांधलेली देवळे, मोडी लिपी आणि आणखी काय काय चढवून ठेवले आहे, तोच हा पुरुष. त्याने ‘चतुर्वर्गचिंतामणि’ नावाचा एक प्रचंड संस्कृत ग्रंथ सिद्ध केला, आणि त्यातील व्रतखंडात पुराणांतरी विखुरलेली व्रते तिथी, वार, नक्षत्र, मास, संक्रांत अशा अनुक्रमाने, एखाद्या कसलेल्या दप्तरदाराने जमाखर्चाच्या बाबी लावाव्यात तशी लावली. वर्षाच्या दिवसांहून व्रतांची संख्या कितीतरी अधिक, आणि प्रत्येक व्रताला त्याची देवता, त्याची पूजा, त्याचे दान आणि त्याचे उद्यापन चिकटलेले. या ग्रंथाबद्दल पुढच्या काळातील काही इतिहासकारांनी हेमाद्रीवर कठोर आसूड ओढले आहेत आणि यादवांचे राज्य बुडाल्याचे पापही या व्रतवैकल्यांच्या माथी मारले आहे. मला हा न्याय थोडा एकतर्फी वाटतो. कारण कोशकार शब्द जमवितो तेव्हा वाचकाने ते सगळेच्या सगळे बोलून दाखवावेत अशी त्याची अपेक्षा नसते, आणि हेमाद्रीने केले ते मुख्यतः संकलन होते. तथापि असा कोश समोर आला की त्यातून निवड करण्याचा भार ज्याच्या त्याच्या माथ्यावर येऊन पडतो, आणि निवड करावयास फुरसत लागते, संस्कृत लागते व दानदक्षिणेसाठी गाठीस द्रव्यही लागते; ज्या कुणब्याजवळ, शिंप्याजवळ किंवा कुंभाराजवळ यांपैकी काहीच नव्हते त्याने आपले जीवन शुद्ध करावे तरी कसे, या प्रश्नाचे उत्तर देवगिरीच्या दप्तरात नव्हते.

ते पंढरपुरी मिळत होते. ज्या रामचंद्रदेवाचा हेमाद्रि हा प्रधान, त्याच रामचंद्रदेवाचे नाव पंढरपूरच्या विठ्ठलमंदिरातील एका शिलालेखात आढळते. शके ११९५ ते ११९९, म्हणजे इ. स. १२७३ ते १२७७ या वर्षांत हा लेख कोरला गेला, आणि त्यात देवाला दान देणाऱ्या भक्तांची नावे आहेत. त्याला पाठ घासली असता चौऱ्यांशी लक्ष योनींचा फेरा चुकतो अशी समजूत पडल्यामुळे लोक त्याला ‘चौऱ्यांशीचा शिलालेख’ म्हणू लागले. इतिहासाच्या साधनाचा असा उपयोग करणारा भाविक संशोधकाच्या मनाला यातना देतो हे खरे, परंतु लेख आजवर लोकांच्या ध्यानात राहिला तो संशोधकामुळे नव्हे हेही कबूल केले पाहिजे. या लेखात राजाला ‘पंढरीफडमुख्य’ म्हटले आहे. ‘फड’ या शब्दापाशी क्षणभर थांबण्यासारखे आहे. पुढे मराठी राज्यात हा शब्द कचेरीसाठी रूढ झाला, पेशव्यांच्या मुख्य दप्तराला ‘हुजूर फड’ म्हणत. शिवाय कुस्तीचा फड, उसाचा फड, तमाशाचा फड हे आपल्या नित्य बोलण्यातले. माणसे एका कामासाठी एका शिस्तीने जमली की तो फड झाला. वारकऱ्यांनी आपल्या परंपरांना मठ किंवा पीठ असे भारदस्त नाव न देता ‘वासकरांचा फड’, ‘देहूकरांचा फड’ अशी कामकरी माणसाच्या तोंडची नावे दिली, यावरून त्यांच्या स्वभावाची कल्पना येते.

ज्ञानेश्वरांनी इ. स. १२९० मध्ये नेवासे येथे गीतेवरील टीका पूर्ण केली आणि त्यानंतर सहा वर्षांनी आळंदीस समाधी घेतली. नऊ हजारांवर ओव्यांचा हा ग्रंथ कोणाही शेतकऱ्याने रोज वाचावा असा आग्रह संप्रदायाने कधी धरला नाही. त्या ग्रंथावर माळ ठेवली आणि नित्यपाठासाठी मात्र ज्ञानेश्वरांच्या नावावर चालत आलेला सत्तावीस अभंगांचा हरिपाठ निवडला. या निवडीत जे व्यवहारज्ञान आहे त्याचे मोल करता येणे कठीण. हरिपाठाला चालीवर म्हटले तरी अर्ध्या-पाऊण तासापेक्षा अधिक वेळ लागत नाही. लिहिता-वाचता न येणारा माणूस तो एका चातुर्मासात ऐकून पाठ करतो. आणि त्याचा आशय तर असा की, योग, यज्ञ, तप, कर्मकांड यांच्या मागे धावून दमलेल्याने देवाचे नाव घेत देवाच्या दारी क्षणभर उभे राहावे, तेवढे पुरे. म्हणजे नेम कमी करा असे सांगणारे वचनच नेम म्हणून रोज म्हणावयाचे. सायंकाळी गुरे बांधून झाली, दिवा लागला, की ओसरीवर दोघे-तिघे टाळ घेऊन बसत आणि जेवणापूर्वी हा नेम उरकत. ‘उरकत’ हा शब्द येथे मी हेतुपूर्वक वापरला आहे. रोज प्रेमाने ओथंबून म्हणावे असे नेमाच्या अटीत कोठे लिहिलेले नसते; ज्या दिवशी मन लागत नाही त्या दिवशीही म्हणावयाचे एवढीच अट असते, आणि मन लागण्याचे दिवस अशा निरस दिवसांच्या राशीतूनच केव्हातरी उगवतात हे जुन्या माळकऱ्यांना पुरते ठाऊक होते.

या छाटणीचा कळस तुकोबांच्या चरित्रात दिसतो. देहूच्या पेठेतील महाजनकीचे हे घर, देवघेवीचा व्यवहार, आणि ऋणकोंची खते घरात. परंपरा सांगते की, दुष्काळाने आणि घरच्या मृत्यूंनी मन विटल्यावर तुकोबांनी ही खते काढली, धाकट्या भावाच्या वाट्याची निम्मी त्याला दिली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत सोडली. जे आपले तेवढेच बुडविण्याचा अधिकार आपल्याला, भावाच्या चरितार्थावर आपल्या वैराग्याचा बोजा टाकू नये, हा त्यातील हिशेब मला त्या वैराग्याहूनही अधिक विलोभनीय वाटतो. घराण्यात पूर्वापार चालत आलेली पंढरीची वारी मात्र त्यांनी सोडली नाही. दुसऱ्या बाजूस सावता माळ्याची कथा आहे: अरण हे त्याचे गाव पंढरीपासून फार दूर नव्हे, तरी तो मळा सोडून वारीला गेला नाही, आणि शेवटी देवच त्याच्या मळ्यात आला असे लोक सांगतात. ज्या संप्रदायाचा मुख्य नेम वारी, त्यानेच वारीला न जाणाऱ्या माळ्याला संतांच्या पंक्तीस बसवावे, ही गोष्ट नेमाला अतिरेकापासून वाचविणारी ठरली.

एकादशीविषयी लिहिताना मात्र थोडे हसू आवरावे लागते. वर्षाच्या चोवीस एकादश्या, अधिक मास आला तर सव्वीस. दर पंधरवड्यास एक दिवस पोटाला विश्रांती, रात्री कीर्तन, द्वादशीस सकाळी पारणे, ज्याला आपल्याकडे खेड्यापाड्यांत ‘बारस सोडणे’ म्हणतात. यात शरीरशास्त्र काढून दाखविण्याची आवश्यकता नाही. महिन्यातून दोन दिवस ‘हे मला पाहिजे’ या वृत्तीला ‘आज नको’ असे उत्तर देण्याचा सराव, इतकाच त्याचा अर्थ असला तरी तो अल्प नव्हे. परंतु मराठी माणसाची जीभ ही मराठी माणसाच्या भक्तीहून अधिक चतुर. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण त्याच चातुर्याची साक्ष देते. आणि गंमत पाहा, बटाटा, मिरची, शेंगदाणा, रताळे आणि ज्या कसाव्याच्या कंदापासून आपला साबुदाणा होतो तो कंद, हे सगळे अमेरिका खंडातून समुद्रमार्गे आलेले पाहुणे. ज्ञानेश्वरांच्या किंवा नामदेवांच्या एकादशीला यांपैकी एकाचाही स्पर्श झालेला नव्हता. साबुदाण्याचे कारखाने तर गेल्या शतकात तमिळ मुलुखात सेलमच्या बाजूला निघाले. म्हणजे ज्या खिचडीवाचून आज आपली एकादशी सुनी वाटते, ती खिचडी आपल्या आजोबांच्या आजोबांना परकी वाटली असती. शास्त्राने ज्यांची नावेच ऐकली नव्हती त्यांना निषिद्धांच्या यादीत घालणे शास्त्राला शक्य झाले नाही, आणि त्या फटीतून हे पाहुणे आत शिरले. आपल्या घरोघरच्या चातुर्मासाच्या नेमाचेही असेच: चार महिने कांदा-लसूण-वांगे वर्ज्य करावयाचे म्हणून आषाढ शुद्ध नवमीस कांदेनवमी साजरी करून कांद्याचा यथेच्छ समाचार घ्यावयाचा. कडक वारकरी या हास्यापासून दूर राहिले, ते पाण्यावर किंवा निराहार एकादशी करीत. पण बहुजनांनी नेमात ही जी थोडी ढील ठेवली तिच्यामुळे नेम तुटण्याऐवजी ताणला गेला, असे माझे मत आहे.

आता वारी. चैत्री, आषाढी, कार्तिकी आणि माघी या चार मोठ्या वाऱ्या. काही निष्ठावंत दरमहा शुद्ध एकादशीस पंढरी आणि वद्य एकादशीस आळंदी गाठणारे, त्यांना ‘महिन्याचे वारकरी’ म्हणतात. परंतु माळेची अट एकीचीच. आषाढीची वारी कुणब्याच्या पंचांगात कशी बसली आहे हे पाहण्यासारखे आहे. ज्येष्ठात पाऊस पडतो, पेरणी होते, आणि बी उगवून खुरपणीला येईपर्यंत शेतकऱ्याच्या हाताला थोडी उसंत असते. त्याच सुमारास, ज्येष्ठ वद्य सप्तमीस देहूहून तुकोबांची आणि अष्टमीस आळंदीहून माउलींची पालखी निघते. दिवेघाट, सासवड, जेजुरी, लोणंद, फलटण, नातेपुते, माळशिरस, वेळापूर, वाखरी अशी सुमारे अडीचशे किलोमीटरांची वाट अठरा-वीस दिवसांत चालून जाताना नीरेच्या पात्रात पादुकांना स्नान होते, चांदोबाच्या लिंबापाशी पहिले उभे रिंगण होते, आणि डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या बाया सासरच्या चौकटीबाहेर, कदाचित वर्षातून एवढ्या एकाच वेळी, कोणाची परवानगी न विचारता दिवसभर मोठ्याने गातात. ज्या नेमाला कामाच्या दिवसांशी झगडावे लागते तो टिकत नाही. हा नेम कामाच्या कुशीतच निजलेला होता.

तो एकट्याच्या निश्चयावरही टाकलेला नव्हता, आणि त्यामागे व्यवस्थेचा मोठा इतिहास आहे. तुकोबांचे धाकटे चिरंजीव नारायणमहाराज यांनी इ. स. १६८५ मध्ये ज्ञानोबा आणि तुकोबा या दोघांच्या पादुका एका पालखीत घालून वारीला सोहळ्याचे रूप दिले; ‘ज्ञानोबा तुकाराम’ हा घोष त्या एका पालखीची आठवण आजही जागी ठेवतो. पुढे घराण्यात हक्कांवरून तंटे झाले, जसे ते इनाम आणि मान जेथे असतात तेथे होतात, आणि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सातारा प्रांतीच्या आरफळ गावचे हैबतबाबा यांनी माउलींची पालखी आळंदीहून स्वतंत्रपणे नेण्यास आरंभ केला. हैबतबाबा हे पूर्वायुष्यात ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या दरबारी सरदार होते. देशी परतताना सातपुड्यात लुटारूंच्या तावडीत सापडले, तेथून सुटले ते हरिपाठाच्या बळावर अशी आख्यायिका आहे, आणि सुटल्यावर घरी न जाता आळंदीस येऊन राहिले. लष्करी मनुष्याची छाप त्यांनी सोहळ्यावर कायमची उमटविली. अंकलीच्या शितोळे सरदारांनी घोडे आणि तंबू दिले, आणि आजही माउलींचा अश्व अंकलीहूनच येतो. दिंड्यांना क्रमांक मिळाले, रथापुढच्या आणि रथामागच्या जागा ठरल्या, चोपदार, विणेकरी, टाळकरी यांची कामे नेमली गेली. छावणी उठविणे, कूच करणे, तळ देणे हा सगळा जाबता फौजेचा, फक्त हत्यारांच्या जागी टाळ.

या व्यवस्थेतील समाजआरतीचा प्रसंग ज्याने पाहिला नाही त्याने वारी पाहिली असे मी म्हणणार नाही. मुक्कामाच्या तळावर संध्याकाळी सर्व दिंड्या वर्तुळात उभ्या राहतात, हजारो टाळांचा एकच कल्लोळ चाललेला असतो. चोपदार हातातला चोप उंच करतो आणि क्षणार्धात सारे शांत होते. मात्र एखाद्या दिंडीची काही तक्रार असेल, तिची जागा कोणी घेतली असेल किंवा तिच्यावर काही अन्याय झाला असेल, तर ती दिंडी आपले टाळ वाजवीतच राहते. त्या एकट्या टाळांच्या आवाजाकडे चोपदार जातो, तक्रार ऐकून घेतो, निवाडा होतो, आणि मग हरवले-सापडले जाहीर होऊन आरती होते. अर्ज नाही, मुद्रांक नाही, तारीख नाही. ज्या सरकारी कचेऱ्यांत माझे आयुष्य गेले तेथे ही पद्धत असती तर, असा एक विचार मनात येतो. पण तेथे टाळ बहुधा वर्षभर थांबलेच नसते. मुद्दा इतकाच की, माळकऱ्याच्या नेमावर दिंडीचे डोळे असतात. गेल्या वर्षी शेजारी चालणारा विणेकरी यंदा दिसला नाही तर चौघे त्याची चौकशी करतात, आणि पुष्कळदा त्या चौकशीच्या लाजेनेच माणूस पुढच्या वर्षी घराबाहेर पडतो.

या नेमांच्या स्तुतीत वाहवून जाऊन त्यांतील मोठे वैगुण्य झाकणे अप्रामाणिकपणाचे होईल. अटी इतक्या थोड्या आणि इतक्या सोप्या ठेवल्या होत्या की त्या कोणालाही पाळता येत. त्या सर्व पाळूनही चोखामेळ्याला मंदिराचा उंबरठा ओलांडता आला नाही, आणि त्याची समाधी महाद्वाराबाहेर, नामदेवपायरीसमोर राहिली. सहा शतके त्याच्या जातीचे माळकरी त्याच माळेने, त्याच एकादशीने, त्याच वाटेने चालत येऊन त्या समाधीपाशी थांबत. इरावतीबाई कर्वे वारीत चालल्या आणि त्यांनी ‘वाटचाल’ या लेखात ते सुंदर चित्र रंगविताना एकत्र गाणारी माणसे जेवावयास मात्र वेगवेगळ्या पंक्तीत बसतात ही सलही लिहून ठेवली. त्यांच्या ‘परिपूर्ती’ या संग्रहातील तो लेख जिज्ञासूंनी मुळातून वाचावा. सवयी थोड्या ठेवल्या म्हणजे त्या पाळल्या जातात हे खरे; पण जी गोष्ट त्या थोडक्यांत घालावयाची राहून जाते ती पिढ्यान्‌पिढ्या राहूनच जाते, हेही तितकेच खरे. ‘भेद पाळणार नाही’ हे सातवे वचन माळ घालताना घेतले गेले असते तर साने गुरुजींना मे १९४७ मध्ये पंढरपुरी दहा दिवस उपोषण करावे लागले नसते. ते त्यांनी केले, आणि त्यानंतर विठ्ठलमंदिराचे दार हरिजनांना उघडले. गाडगेबाबांनी याहून निराळी वाट धरली. ते पंढरीस येत, वाळवंट झाडीत, रात्री कीर्तन करीत आणि मंदिरात पाऊल न टाकता परत जात. त्यांनी पंढरपुरी बांधलेली चोखामेळा धर्मशाळा पुढे डॉ. आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेच्या स्वाधीन केली. सगळ्या साधनेतून त्यांनी एक खराटा शिल्लक ठेवला होता.

विसाव्या शतकाच्या आरंभी या नेमांना शिक्षणाची जोड मिळाली. पुण्याचे विष्णुबुवा जोग हे तालमीत घुमलेले गडी, ब्रह्मचारी. आखाड्यात जशी रोजची जोर-बैठकांची मोजदाद असते तशीच अभ्यासाचीही असावी, हा त्यांचा पिंड. कीर्तनकार होऊ इच्छिणाऱ्या मुलांनी एका ठिकाणी राहून ग्रंथांचा पद्धतशीर अभ्यास करावा या हेतूने त्यांनी १९१७ मध्ये आळंदीस वारकरी शिक्षण संस्था स्थापिली. त्यांचे शिष्य शंकर वामन उर्फ सोनोपंत दांडेकर पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयाचे प्राचार्य झाले, प्लेटो शिकवू लागले, आणि तरी गळ्यातील माळ, एकादशी आणि वारी यांत खंड पडू दिला नाही. पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक आणि पेरणी आटोपून आलेला अक्षरशत्रू शेतकरी हे दोघे एकाच अटींवर एकाच दिंडीत चालू शकतात, ही गोष्ट त्या अटी थोड्या असल्यामुळेच शक्य झाली. त्या वाढविल्या असत्या तर दोघांपैकी एकजण खास मागे राहिला असता.

२०२० साली साथीमुळे वारीच बंद झाली. माउलींच्या पादुकांचे प्रस्थान ठरल्या तिथीस मोजक्या लोकांत झाले, पादुका दशमीपर्यंत आळंदीतच राहिल्या, आणि ३० जून रोजी एस. टी.च्या बसमधून त्या पंढरीस गेल्या. सातारा जिल्ह्यातील माझ्या परिचयाचे एक वृद्ध माळकरी गृहस्थ तेव्हा घरीच अडकले होते. पालखी निघण्याच्या दिवसापासून त्यांनी रोज सकाळी गळ्यात वीणा अडकवून अंगणातील तुळशीवृंदावनाभोवती चालावयास सुरुवात केली. ज्या दिवशी जो मुक्काम असावयाचा त्याचे नाव ते खडूने ओट्यावर लिहीत, आणि सायंकाळी हरिपाठ म्हणून पुसून टाकीत. आषाढ शुद्ध एकादशीस ओट्यावर ‘पंढरपूर’ लिहिले. द्वादशीस बारस सोडली आणि खुरपे घेऊन ते शेतावर गेले.